पाइपच्या आट्यांपासून वॉशिंग्टनपर्यंत

इंजिन ऑइलच्या डब्यावरची ‘एपीआय’ ही अक्षरे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. पहिल्या महायुद्धात सरकारला तेल पुरवताना एकत्र आलेल्या कंपन्यांनी २० मार्च १९१९ रोजी ती स्थापन केली. त्या काळी एका तेलविहिरीवरचे सामान दुसरीकडे बसत नसे. पाइपांची मापे वेगळी, आटे वेगळे. १९२४ मध्ये संस्थेने पहिले मापदंड काढले. आज तिचे शेकडो मापदंड जगभर वापरले जातात. हे काम मोलाचे आहे, आणि म्हणूनच पुढचा इतिहास जास्त अस्वस्थ करतो.

१९५९ मध्ये तेलउद्योगाच्या शताब्दीनिमित्त संस्थेने कोलंबिया विद्यापीठात परिसंवाद भरवला. इंधन जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठेल, ध्रुवांवरचा बर्फ वितळेल आणि किनाऱ्यावरची शहरे बुडतील, असे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी तिथे तेलधुरिणांना तोंडावर सांगितले. १९६५ मध्ये संस्थेचे अध्यक्ष फ्रँक इकार्ड यांनीच वार्षिक सभेत या धोक्याचा उल्लेख करून वेळ हातातून निसटत असल्याचे बजावले. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने संस्थेसाठी केलेल्या अहवालातही तेच होते. म्हणजे अज्ञानाची सबब संस्थेला कधीच नव्हती.

१९६९ मध्ये संस्थेने मुख्यालय वॉशिंग्टनला हलवण्याचे ठरवले. १९९७ मध्ये कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठीचा क्योटो करार झाला आणि पुढच्याच वर्षी संस्थेत जमलेल्या मंडळींचा एक आराखडा वृत्तपत्रांच्या हाती लागला. हवामानशास्त्र अजून अनिश्चित आहे हे सामान्य नागरिकाच्या मनात रुजले की आपण जिंकलो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पत्रकारांबरोबर शाळांतले शिक्षकही त्यांच्या यादीत होते. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

संस्थेचे वकील फिलिप कूनी २००१ मध्ये व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेत गेले. सरकारी हवामान अहवालांतली ठाम विधाने त्यांच्या लेखणीखाली मवाळ झाली. २००५ मध्ये ते उघड झाले. राजीनामा देऊन कूनी एक्सॉनमोबिलमध्ये रुजू झाले.

२०२१ मध्ये हवामानविषयक मतभेदांमुळे फ्रान्सची टोटल ही तेलकंपनी संस्थेतून बाहेर पडली. त्याच वर्षी संस्थेने कार्बनवर किंमत आकारण्याला पाठिंबा जाहीर केला. मात्र त्याआधी, २०२० मध्येच, जनतेची दिशाभूल केल्याबद्दल मिनेसोटा राज्याने तिला कोर्टात खेचले होते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानेही खटला भरला. १९६८ चा तो अहवाल आता संस्थेविरुद्धच मांडला जातो आहे.