डॉ. स्पॉक आणि १९४६ ची बाळं

आमच्या बडोद्याच्या घरात ‘रुचिरा’ला लागून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. कणा उसवलेला, पानं पिवळी पडलेली. माझ्या जन्माआधी आईने ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं. आजी बाळगुटी उगाळायला बसली की आई ते पुस्तक उघडून बसायची, आणि त्यावरून दोघींचं थोडंफार वाजायचंही. लेखकाचं नाव डॉ. बेंजामिन स्पॉक. तरुणांना सैन्यभरती नाकारायला लावण्याच्या कटात या माणसाला न्यायालयाने दोषी ठरवलं होतं, हे मला फार उशिरा, व्हिएतनाम युद्धाबद्दल वाचताना कळलं. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. “दुसरा कोणी स्पॉक असेल,” म्हणाली.

तो दुसरा कोणी नव्हता. आणि त्याचं राजकारण आईच्या त्या पुस्तकापासून फार लांबचंही नव्हतं, असं मला वाटतं.

स्पॉक १९०३ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे जन्मले. घर सुखवस्तू, वडील रेल्वे कंपनीचे वकील, आई करड्या शिस्तीची. येल विद्यापीठाच्या नौकानयन संघातून त्यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. त्याच वर्षी आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते कूलिज या रिपब्लिकन उमेदवाराला. बंडखोरीचं एकही लक्षण नाही. पुढे बालरोगतज्ज्ञ झाले, मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं आणि १९४६ साली ते पुस्तक लिहिलं. त्याची पेपरबॅक आवृत्ती अवघ्या पंचवीस सेंटना मिळत होती.

त्याआधीचे तज्ज्ञ काय सांगत होते हे माहीत नसेल तर या पुस्तकाचं महत्त्व कळत नाही. घड्याळ लावून चार चार तासांनी दूध पाजा, रडलं तरी उचलू नका. वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर १९२८ साली मुलांना मांडीवर घेऊ नका, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता. स्पॉक यांनी आयांना धीर दिला. तुम्हाला तुमच्या मुलाचं कळतं, पुस्तकापेक्षा स्वतःवर भरवसा ठेवा, हे त्यांच्या सांगण्याचं सार. गंमत अशी, की हे सांगायलाही पुस्तकच लागलं आणि आया त्या पुस्तकावरच भरवसा ठेवू लागल्या. ते हयात असेपर्यंत त्याच्या पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या.

इथे एक साधा हिशोब मांडून पाहावा. १९४६ साली जन्मलेला मुलगा १९६४ साली अठरा वर्षांचा होतो, म्हणजे सैन्यभरतीच्या वयाचा. व्हिएतनामच्या युद्धात मोठ्या संख्येने अमेरिकी फौजा उतरल्या त्या १९६५ साली. ज्या बाळांच्या पोटदुखीबद्दल आणि दात येण्याबद्दल स्पॉक यांनी लिहिलं होतं, तीच बाळं आता गणवेश चढवत होती.

पण त्यांना राजकारणात आधी ओढलं ते दुधाने. अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या आकाशाखाली अणुचाचण्या करत होते. त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० वाऱ्यापावसाबरोबर गवतावर उतरायचं, गाईच्या दुधात यायचं आणि कॅल्शियमशी साधर्म्य असल्यामुळे मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसायचं. सेंट लुइस शहरात तर काही शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दात लाखांच्या संख्येने गोळा करून तपासले. आपण त्यांना ‘दुधाचे दात’ म्हणतो. त्या शब्दाला इतका भीषण अर्थ कधी आला नसेल. (या चाचण्या थांबवा असं आवाहन नेहरूंनी १९५४ सालीच केलं होतं.)

‘सेन’ या अण्वस्त्रविरोधी संघटनेचे होमर जॅक यांनी स्पॉकना गळ घातली. हे जॅक म्हणजे गांधींच्या लेखनाचा एक संग्रह संपादित करणारे पाद्री. स्पॉक आधी तयार होईनात. आईबापांना धीर देणं हे आपलं काम, त्यांना घाबरवणं नव्हे, ही त्यांची अडचण होती. ती मला अगदी प्रामाणिक वाटते. शेवटी ते तयार झाले. १६ एप्रिल १९६२ च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली: एका लहान मुलीकडे चिंतेने पाहणारे स्पॉक आणि खाली शब्द, डॉ. स्पॉक काळजीत आहेत. पुढल्या वर्षी वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो एका जाहिरातीने झाला नाही, हे उघड आहे. पण घराघरात धीर देणारा डॉक्टर स्वतःच काळजीत पडला, याचा अर्थ आयांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

१९६४ साली त्यांनी लिंडन जॉन्सन यांचा प्रचार केला, कारण जॉन्सन युद्ध वाढवणार नाहीत अशी खात्री होती. निवडून आल्यावर जॉन्सन यांनी फोन करून आभार मानले, तुमच्या विश्वासाला पात्र ठरेन अशी आशा व्यक्त केली. तीनेक महिन्यांत उत्तर व्हिएतनामवर बॉम्ब पडू लागले. स्पॉक पुढे हा फोन वारंवार सांगत. फसवले गेल्याचा राग होता त्यात.

मग ते थांबले नाहीत. एप्रिल १९६७ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रचंड मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालले. ऑक्टोबरमध्ये भरती नाकारणाऱ्या तरुणांची कार्डं घेऊन एक गट वॉशिंग्टनच्या न्याय खात्यात गेला, त्यात ते होते. अधिकाऱ्याने ती कार्डं हातात घ्यायलाच नकार दिला. डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या भरती केंद्रासमोर हे सहा फूट चार इंचांचे, चौसष्ट वर्षांचे गृहस्थ सूटबूट घालून अटक करवून घ्यायला गेले आणि पोलिसांच्या अडथळ्याखालून चक्क रांगत पलीकडे जाऊ पाहू लागले.

जानेवारी १९६८ मध्ये स्पॉक आणि इतर चौघांवर कटाचा आरोप ठेवण्यात आला. त्यात येलचे धर्मगुरू विल्यम स्लोन कॉफिन होते. हे पाचजण एकमेकांना धड ओळखतही नव्हते आणि जे केलं ते सभेत, कॅमेऱ्यांसमोर, सह्या करून केलं होतं. असा कट कोणी पाहिला आहे? खटला बोस्टनला चालला. न्यायाधीश पंच्याऐंशी वर्षांचे. युद्ध कायदेशीर आहे की नाही, हा बचावाचा खरा मुद्दा. त्यांनी तो खटल्यात येऊच दिला नाही. ज्युरीत सगळे पुरुष. ज्या बायकांनी स्पॉक वाचून मुलं वाढवली, त्यांच्यातली एकही निवाड्याला नव्हती. मार्कस रास्किन सुटले, बाकी चौघे दोषी ठरले. स्पॉकना दोन वर्षांची कैद आणि पाच हजार डॉलर दंड झाला. वरच्या न्यायालयाने जुलै १९६९ मध्ये ही शिक्षा रद्द केली आणि स्पॉकना पुराव्याअभावी सोडलं. म्हणजे सुटका झाली, पण ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं तो कोणी हाती घेतलाच नाही.

दरम्यान पुस्तकाचा खप घसरला होता. चिडलेल्या आईबापांनी प्रती परत पाठवल्या. उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू आणि नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यासारखे धर्मोपदेशक सांगू लागले, की ही पिढी बिघडली ती स्पॉकच्या लाडांमुळे. मला हा आरोप तपासण्याच्याही लायकीचा वाटत नाही. १९६८ मध्ये पॅरिसचे आणि मेक्सिकोचे विद्यार्थी रस्त्यावर आले ते कुठलं पुस्तक वाचून वाढले होते? आणि जी मुलं निमूटपणे व्हिएतनामला गेली, त्यांच्या घरांतही हेच पुस्तक होतं.

१९७२ साली पीपल्स पार्टीतर्फे ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. मोफत वैद्यकीय सेवा, फौजा तत्काळ परत, अशा मागण्या. मतं मिळाली अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. ही उमेदवारी फारशी मनावर घ्यायचं कारण नाही.

स्त्रियांनी विचारलेला जाब मात्र मनावर घ्यावा असा होता. आयांना स्वतःवर भरवसा ठेवायला सांगणाऱ्या या माणसाने आई घरीच असणार हे गृहीत धरलं होतं, त्याच्या पुस्तकातलं बाळ नेहमी मुलगाच असायचं. पहिल्या पुस्तकाचा मजकूर ते सांगत गेले आणि पत्नी जेन टाइप करत गेल्या, त्याची दखलही नीट घेतली गेली नव्हती. स्पॉक आधी गोंधळले, मग ऐकून घेतलं, आणि १९७६ च्या आवृत्तीत बरंच बदललं. सत्तरीतला नामवंत माणूस आपलंच पुस्तक खोडून लिहितो, हे मला त्यांच्या अटकांपेक्षा अवघड काम वाटतं. अटकाही चालूच होत्या. १९८७ साली केप कॅनाव्हरलला क्षेपणास्त्राच्या चाचणीविरुद्ध निदर्शनं करताना त्यांना पकडलं, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९९८ च्या मार्चमध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

एक गोष्ट राहिली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्त्यांपासून स्पॉक यांनी बाळाला पालथं झोपवावं असं सुचवलं होतं. उलटी झाली तर घशात अडकू नये म्हणून. पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो, हे पुढे संशोधनातून दिसलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी सल्ला फिरवला. जे त्यांनी केलं नव्हतं त्यासाठी त्यांच्यावर इतकी वर्षं गदारोळ झाला, आणि या ओळींकडे तेव्हा कोणाचंही लक्ष नव्हतं.

आईच्या प्रतीत त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ आहे. मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, ती पालथं निजवायची आणि आजी येऊन मला पुन्हा उताणं करून जायची. त्यावरूनही दोघींचं वाजलं होतं.