मशेरीच्या डबीपर्यंत

तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की सगळ्या घराला ठसका लागतो. ती काळी पडेपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची, डबीत भरायची. ही मशेरी. सकाळी दातांना लावण्यापासून सुरुवात होते. मग जेवणानंतर एक बोट, निजताना एक बोट. गरोदरपणी मळमळलं की आणखी एकदा. अशा बाईला विचारा, तंबाखू खाता का? ती मनापासून नाही म्हणते. तिच्या लेखी ती दात घासत असते.

पोटुशी बाईने तंबाखू सोडावी, हा सल्ला तिच्यापर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागला, हे समजून घ्यायला त्याची वाट मागे जाऊन पाहावी लागते.

अमेरिकेत ओहायोमधल्या यलो स्प्रिंग्ज गावी सोंटाग आणि वॉलेस या संशोधकांनी १९३५ साली एक साधं निरीक्षण मांडलं. आई सिगारेट ओढते तेव्हा पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके बदलतात. म्हणजे काहीतरी वारेतून पार होत होतं. पण त्याने बाळाचं नुकसान होतं का, याचं उत्तर ठोक्यांत नव्हतं. ते वजनकाट्यावर मिळायचं होतं, आणि त्याला वीसेक वर्षं गेली. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो परगण्यात विनिया सिम्पसन यांनी ७,४९९ बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्यांत अपुऱ्या वाढीची बाळं जवळपास दुप्पट निघाली, आणि सिगारेटी वाढल्या तसं प्रमाणही वाढलं.

इथे वाद पेटला. बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी म्हणाले, दोष सिगारेटचा कशावरून? ओढणारी बाईच मुळात वेगळ्या घडणीची असेल. १९७२ मध्ये त्यांनी आकडेच पुढे ठेवले: ज्या बायका पुढे सिगारेट ओढू लागल्या, त्यांची त्याआधी जन्मलेली मुलंही वजनाने कमीच होती. हा आक्षेप मला खोडसाळ वाटत नाही. तो प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर देणं भाग होतं. खोडसाळपणा दुसरीकडे होता. फिलिप मॉरिस कंपनीचे प्रमुख जोसेफ कलमन जानेवारी १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगून गेले की काही बायकांना लहान बाळं झालेली आवडतीलच. ज्यांनी काचपेटीतलं दोन किलोंचं बाळ पाहिलंय, त्यांना या वाक्याचा आजही संताप येईल.

येरुशाल्मींना उत्तर मिळालं ते ज्यांनी सिगारेट सोडली त्या बायकांकडून. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७ हजार बाळांची नोंद झाली होती. नेव्हिल बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माहिती पुन्हा चाळून १९७२ मध्ये मांडलं की चौथा महिना संपेपर्यंत जिने सिगारेट सोडली, तिचं बाळ कधीच न ओढणारीच्या बाळासारखं भरलं. घडण जन्मजात वेगळी असती, तर नुसतं सोडल्याने वजन कसं सुधारलं असतं? शेवटची शंका मेरीलँडमधल्या प्रयोगाने फेडली. सेक्स्टन आणि हेबेल यांनी ९३५ सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटाला सोडण्यासाठी मदत केली. १९८४ मध्ये निकाल आला: मदत मिळालेल्या गटातली बाळं सरासरी ९२ ग्रॅमनी जड होती. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि त्यानुसार पुढच्या वर्षी सिगारेटच्या पाकिटावर गरोदर स्त्रियांसाठी इशारा आला.

मला या सगळ्यात चौथ्या महिन्याची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आधी काय केलंस याचा हिशेब ती मागत नाही.

पण हा सल्ला धुराच्या भाषेत वाढला होता. आपल्याकडचा १९७५ चा कायदाही फक्त सिगारेटचा होता; विडी त्याबाहेर, चघळायची तंबाखू त्याबाहेर, मशेरीही बाहेर. सगळी तंबाखू एका कायद्याखाली यायला २००३ उजाडलं. त्याच सुमारास प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची प्रसूतीपर्यंत नोंद ठेवली. त्यांत धुराविना तंबाखू घेणाऱ्या साधारण सहांत एक होत्या, आणि मुख्यतः मशेरी लावणाऱ्या. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी, आणि जन्मलेली सहा दिवस आधी.

सिगारेटच्या बाबतीत दोष धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा की निकोटिनचा, असा काथ्याकूट बराच झाला होता. मशेरीत धूर नाही, तरी वजन घटतंच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतं. डबी छोटी आहे म्हणून ते कमी पडत नाही.

तेव्हा तपासणीच्या खोलीत ‘धूम्रपान करता का’ असं विचारून भागत नाही. ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा’ असं विचारावं लागतं. मग बाई खालमानेने सांगते, लावते, पण ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. तिची ही अडचण खरी आहे, आणि चौथा महिना संपायच्या आत तिच्याशी त्यावर बोलायला कुणीतरी बसायला हवं.