जुन्या मोटारींची घरगुती देखभाल

जुन्या मोटारींची घरगुती देखभाल म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रणा प्रचारात येण्यापूर्वी बनलेल्या मोटारींची तपासणी, साफसफाई, वंगण आणि किरकोळ दुरुस्ती मालकाने अथवा कुटुंबातील व्यक्तीने घरच्या आवारात साध्या हत्यारांनी करणे होय. महाराष्ट्रात या कामाचा संबंध प्रामुख्याने मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींशी येतो. अ‍ॅम्बेसेडर, महिंद्राची जीप आणि कार्बुरेटर असलेली मारुती ८०० ही वाहनेही याच वर्गात मोडतात. या मोटारी नियमित हात फिरवावा लागेल अशाच रीतीने घडवलेल्या होत्या. त्यामुळे घरगुती देखभाल हा त्यांच्या वापराचाच एक भाग ठरतो. मात्र ब्रेक व स्टिअरिंगसारख्या भागांच्या बाबतीत तिला स्पष्ट मर्यादा आहेत.

पार्श्वभूमी

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारींची जुळणी केली आणि १९५० च्या दशकात इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने लहान मोटारी बनवण्यास प्रारंभ केला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट हे प्रारूप बाजारात आले. पुढे फियाटशी असलेला करार संपल्यानंतर १९७० च्या दशकात हीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू राहिले.

परवाना पद्धतीच्या काळात मोटारींचे उत्पादन मर्यादित असे व नव्या मोटारीसाठी ग्राहकाला काही वर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली मोटार त्यामुळे दीर्घकाळ टिकवली जाई व अनेकदा वडिलांकडून मुलाकडे येई. लहान गावांत अधिकृत सेवा केंद्रे नसत. परिणामी प्लग साफ करणे, पॉइंट लावणे, फॅन बेल्ट बदलणे इतपत कामे मालकाला किंवा घरच्या चालकाला येणे आवश्यक मानले जाई. मोठ्या कामासाठी ओळखीच्या मिस्त्रीकडे जाण्याची रीत होती.

नाशिक शहरात या कामाला औद्योगिक परिसराची जोड मिळाली. सातपूर येथे महिंद्र आणि महिंद्र कंपनीचा वाहननिर्मितीचा कारखाना आहे. डिझेल इंजिनांचे इंजेक्टर व नोझल बनवणारा मायको (आताची बॉश) कंपनीचा कारखानाही तेथेच आहे. सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींत लेथकाम, वेल्डिंग व सुट्या भागांची जुळणी करणारे अनेक लहान उद्योग आहेत. बाजारात न मिळणारी एखादी बुश किंवा पिन नमुन्यावरून घडवून घेणे अशा ठिकाणी शक्य होते.

यांत्रिक रचना

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे व १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे असून ते पाण्याने थंड ठेवले जाते. इंजिन पुढे असते व मागील चाकांना गती दिली जाते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो व चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. इंधनपुरवठा यांत्रिक पंप व कार्बुरेटर यांच्या द्वारे होतो. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील कॉन्टॅक्ट पॉइंट ठरवतात.

या रचनेत संवेदक किंवा नियंत्रक संगणक नाही. प्रत्येक क्रियेसाठी डोळ्यांना दिसणारा व हाताने जुळवता येणारा भाग आहे. आधुनिक इंजिनात झीज झाली तरी संगणक इंधनाचे प्रमाण काही अंशी आपोआप जुळवून घेतो. जुन्या इंजिनात ते काम माणसाला करावे लागते. उदाहरणार्थ, पॉइंटचा फिरत्या कॅमवर घासणारा भाग झिजला की पॉइंटमधील फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. मोटारीची ओढ कमी होते, पेट्रोल अधिक लागते व इंजिन तापते. ही फट साधारणपणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात व फिलर गेज या पातळ पट्ट्यांच्या साधनाने मोजतात. नेमका आकडा त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेनुसार घ्यावा लागतो.

नियमित देखभाल

दर आठवड्याला पाहण्याच्या गोष्टींत इंजिन ऑइलची पातळी, रेडिएटरमधील पाणी, बॅटरीतील पाणी, ब्रेक ऑइल आणि टायरमधील हवा यांचा समावेश होतो. ऑइलची पातळी मोटार सपाट जागी उभी करून व इंजिन काही वेळ बंद ठेवून पाहतात. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. हे बहुधा हेड गॅस्केट फुटल्याचे लक्षण असते. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे तिचे आयुष्य घटते.

काही हजार किलोमीटरनंतर करण्याची कामे म्हणजे ऑइल व त्याचा फिल्टर बदलणे, हवेचा फिल्टर साफ करणे, प्लग व पॉइंट तपासणे, टॅपेटची फट जुळवणे आणि ग्रीस भरणे. पुढील चाकांच्या सांध्यांवर ग्रीस भरण्यासाठी निपल असतात. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गनने नवे भरले जाते. कार्बुरेटरचे जेट हवेने फुंकून साफ करतात. त्यात तार घातल्यास छिद्र मोठे होऊन इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते.

प्लगच्या टोकाचा रंग इंजिनाची स्थिती सांगतो. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो. कोरडी काळी काजळी दिसल्यास पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे, तेलकट ओलावा दिसल्यास रिंग किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल वर येत आहे, आणि टोक पांढरट भाजल्यासारखे दिसल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे किंवा इंजिन अतितप्त होत आहे, असे समजतात.

मोटार सुरू होत नसल्यास दोष क्रमाने शोधण्याची पद्धत आहे. प्रथम स्टार्टर जोमाने फिरतो का, म्हणजे बॅटरी व तिची टोके ठीक आहेत का, हे पाहतात. नंतर प्लगपर्यंत ठिणगी येते का, त्यानंतर कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचते का आणि शेवटी सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का, हे तपासतात. एका वेळी एकच भाग तपासणे किंवा बदलणे हा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. अनेक भाग एकदम हलवल्यास मूळ दोष कोणता होता हे कळत नाही आणि नवे दोषही निर्माण होतात.

हवामान व घाटरस्ते

मुंबईहून नाशिककडे येणारा महामार्ग कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचतो. उन्हाळ्यात या चढणीवर जुन्या मोटारींची कसोटी लागते. इंजिनाच्या उष्णतेने पंपातील किंवा नळीतील पेट्रोलची वाफ होते व इंधनपुरवठा खंडित होऊन मोटार बंद पडते. यास ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. अशा वेळी बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ देणे व पंपावर ओले फडके ठेवणे हा प्रचलित उपाय आहे. रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला असणे, फॅन बेल्ट सैल असणे किंवा ठिणगी उशिरा पडणे यांमुळे हा त्रास वाढतो. म्हणून घाटप्रवासापूर्वी या तीन गोष्टी पाहणे हितावह ठरते. उतरणीवर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ड्रम तापून ब्रेकची पकड कमी होते. त्यासाठी खालच्या गिअरमध्ये उतरावे लागते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडील तालुके कोरडे आहेत. पावसाळी भागात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरून मोटार सुरू न होणे आणि दारांच्या व फरशीच्या पत्र्याला गंज लागणे हे नेहमीचे दोष आहेत. टोपण कोरड्या कापडाने पुसणे आणि दारांच्या तळातील पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे हे त्यांवरील साधे उपाय होत. कोरड्या भागात धुळीमुळे हवेचा फिल्टर लवकर भरतो.

इंधनातील बदल

या मोटारी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात बनल्या. पेट्रोलमधील शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकांचे झिजेपासून संरक्षण होत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. तेव्हापासून अशा इंजिनांत व्हॉल्व्हची फट वारंवार तपासण्याची गरज वाढली. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हा त्यावरील टिकाऊ उपाय आहे.

दुसरा बदल इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा आहे. भारतात २०२५ मध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, तसेच जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्बुरेटरची पॅकिंग यांना मऊ किंवा ठिसूळ करू शकते. पेट्रोलची नळी चिरल्यास गरम इंजिनावर गळती होऊन आग लागण्याचा धोका असतो. त्यामुळे या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवणे आणि मोटार दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकीत जुने पेट्रोल न ठेवणे आवश्यक झाले आहे.

सुरक्षितता व मर्यादा

केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. सपाट, कठीण जमिनीवर पक्के लोखंडी स्टँड लावून व जमिनीवरील चाकांना अडसर घालूनच खाली जावे, असा नियम आहे. विटांचा आधार अचानक फुटत असल्याने तो वर्ज्य मानतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू साचतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. विजेचे काम करण्यापूर्वी बॅटरीचे चॅसीला जोडलेले टोक आधी सोडवतात. हँडलने इंजिन फिरवताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवतात, कारण इंजिनाने उलटा झटका दिल्यास अंगठा मोडू शकतो.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने ड्रम हवेने फुंकून साफ न करता ओल्या कापडाने पुसतात. ब्रेकच्या यंत्रणेत ठरवून दिलेल्या प्रकाराचेच ब्रेक ऑइल घालावे लागते. खनिज तेल घातल्यास रबरी वॉशर फुगून ब्रेक निकामी होतात.

ब्रेक ऑइलची पातळी पाहणे किंवा गळती ओळखणे हे मालकाचे काम समजले जाते. मात्र मास्टर सिलिंडर वा व्हील सिलिंडर उघडणे, स्टिअरिंगचे सांधे बदलणे, पुढील सस्पेन्शनची ताणलेली स्प्रिंग काढणे आणि चॅसीला वेल्डिंग करणे ही कामे अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. या ठिकाणच्या चुकीचा परिणाम रस्त्यावरील इतरांनाही भोगावा लागतो.

निकामी ऑइल जमिनीवर, गटारात किंवा नदीत ओतणे प्रदूषणकारक असून कायद्याने ते घातक कचऱ्यात गणले जाते. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचवावे लागते. जुनी बॅटरीही विक्रेत्याकडे परत देतात.

सुटे भाग

उत्पादन थांबल्यानंतर पद्मिनीचे सुटे भाग मुख्यतः जुन्या साठ्यांतून व मोडीत निघालेल्या मोटारींतून मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता जुन्या भागांच्या बाजारासाठी परिचित आहे. प्लग, बेल्ट व बेअरिंग यांसारख्या भागांचे पर्याय माप जुळवून घेता येतात. काचा, रबरी पट्ट्या, क्रोमचे भाग व दिव्यांच्या काचा मिळणे अधिक कठीण असते. म्हणून काढलेला भाग, तो निकामी असला तरी, नमुना म्हणून जपून ठेवण्याची पद्धत आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करता येते. महाराष्ट्रात अशा वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. नूतनीकरणाच्या तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग व धूर यांची स्थिती महत्त्वाची असल्याने नियमित देखभाल आणि मोटारीचे कायदेशीर आयुष्य यांचा थेट संबंध आहे. नाशिक प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच-१५ हा आहे. दुसरे इंजिन बसवणे किंवा इंधनाचा प्रकार बदलणे यांसारखे मूलभूत फेरफार अधिनियमाच्या कलम ५२ नुसार परवानगीविना करता येत नाहीत.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद करण्यात आली. अशी वाहने प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसारख्या ठरावीक कारणांसाठी रस्त्यावर आणता येतात. नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी त्यांचा उपयोग करता येत नाही.

सद्यःस्थिती

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ही मोटार हद्दपार झाली. त्याबरोबर तिच्या सुट्या भागांची मागणी व तिच्यावर रोज काम करणाऱ्या मिस्त्रींची संख्याही घटली. कार्बुरेटर जुळवणे, इंजिनाच्या आवाजावरून टॅपेटची फट ओळखणे ही कौशल्ये प्रामुख्याने हाताखाली काम करून शिकली जात आणि त्यांची लेखी नोंद थोडी आहे. आजच्या मोटारींच्या दुरुस्तीत निदानासाठी संगणकीय यंत्र वापरले जात असल्याने नव्या कारागिरांना या कौशल्यांचा सराव मिळत नाही. उरलेल्या जुन्या मोटारी त्यामुळे अधिकाधिक प्रमाणात मालकांच्या स्वतःच्या ज्ञानावर अवलंबून आहेत. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर, जुळवलेली मापे व बदललेले भाग यांची वही ठेवणे आणि मोटारीची मूळ पुस्तिका जपणे, हे या ज्ञानाच्या जतनाचे सर्वांत सोपे साधन मानले जाते.