विधानसभेचा मताधिकार व निवडणूक (महाराष्ट्र)

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी सामान्यतः दर पाच वर्षांनी प्रत्यक्ष मतदानाने होणारी निवडणूक, आणि तीत मत देण्याचा नागरिकाचा अधिकार. मुंबई इलाख्यातील १९३७ च्या निवडणुकीत मालमत्ता, सारा, कर अथवा शिक्षण यांच्या आधारावाचून सामान्य माणसास मतदार होणे दुरापास्त होते. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार देऊन ही अट समूळ काढून टाकली आणि कूळ व खोत यांच्या मताचे मोल एक केले, हे आपल्या राज्यव्यवस्थेचे सर्वश्रेष्ठ कार्य मानले पाहिजे. वयोमर्यादा आरंभी २१ वर्षे होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर आली.

तथापि वय व नागरिकत्व असूनही मतदारयादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार नाव त्याच मतदारसंघात दाखल होते, जेथे मनुष्याचा सर्वसाधारण निवास असतो. केवळ घर वा जमीन नावावर असणे त्यास पुरेसे नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीने तो निवास तुटतही नाही. बीडकडील जो ऊसतोड कामगार हंगामात बायकामुलांसह कारखान्याच्या फडावर जातो, त्याचे नाव यामुळे गावच्या यादीत कायम राहते. परंतु टपाली मतदानाची सोय सैनिक, निवडणूक कर्मचारी, अतिवृद्ध, दिव्यांग अशा थोड्यांसच असल्याने, मतदान हंगामात आले तर त्याला गाव गाठावे लागते. कायद्यातील ही उणीव दूर झाली पाहिजे. न्यायालयाने मनोविकल ठरविलेली व्यक्ती यादीस अपात्र असते. तुरुंगातील कैद्यास, स्थानबद्धाचा अपवाद वगळता, मत देता येत नाही.

निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून राज्यपाल अधिसूचना काढतात. मग नामनिर्देशन, छाननी, माघार व मतदान हा क्रम चालतो. उमेदवार २५ वर्षांचा व राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी २९ व जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत. राखीव असतो तो उमेदवार, मतदार नव्हे, तेथे सर्वच जण मत देतात. सर्वाधिक मते मिळविणारा निवडून येतो, निम्म्याहून अधिक मतांची गरज नसते.

नामनिर्देशनाची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घेतले जात नाही. म्हणून प्रत्येक मतदाराने आपली नोंद त्यापूर्वीच तपासून घ्यावी.