बर्फाच्या घरांतील ऊब

यवतमाळ जिल्ह्यांत पौष-माघांतील रात्रीं थंडी झोंबूं लागली कीं शेगडी माजघरांत येते आणि दारें-खिडक्या बंद होतात. वणी-राजूरकडील खाणींमुळें दगडी कोळसाही ह्या जिल्ह्याला परका नाहीं. पण बंद खोलींतील निखारा किती घातक ठरतो, हें बर्फांत हिवाळा काढणाऱ्यांच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें.

१५९६ सालीं विलेम बेरेन्ट्स हा डच नाविक व त्याचे सोबती नोव्हाया झेम्ल्या बेटावर अडकून पडले. किनाऱ्याला लागलेल्या ओंडक्यांचें घर त्यांनीं बांधलें. बर्फानें तें वेढून टाकलें. डिसेंबरांतील एका रात्रीं त्यांनीं गलबतावरचा दगडी कोळसा पेटविला आणि ऊब टिकावी म्हणून दार व धुराडें बंद केलें. लवकरच सर्वांना घेरी येऊं लागली. एकानें धडपडत दार उघडलें व तो बर्फावर मूर्च्छित पडला. पण आंत हवा आली आणि सारे वांचले.

१९३४ सालीं अमेरिकेचा अॅडमिरल बर्ड दक्षिण ध्रुवखंडावर बर्फाखालील खोलींत एकटाच राहिला. शेगडी व विजेचें यंत्र ह्यांच्या धुरानें तो मरणाच्या दारीं पोंचला. बिनतारी संदेशांतील गोंधळावरून सोबत्यांना शंका आली, आणि ऑगस्टांत ते त्याच्यापर्यंत पोंचले. भारताची पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहून त्याच खंडाकडे निघाली. पुढें १९९० सालीं नवव्या मोहिमेंतील चौघे तेथें तंबूंत ह्याच विषारी वायूला बळी पडले.

हा वायु म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं तो रक्ताला चिकटतो. त्यामुळें निजलेल्याला धोका कळतच नाहीं.

उत्तर ध्रुवाकडील एस्किमो, म्हणजे इन्युइट लोक, बर्फाच्या घरांत सीलच्या चरबीचा दिवा पिढ्यान् पिढ्या लावीत आले. दार खालीं, निजावयाचा ओटा वर. म्हणून गरम हवा ओट्यापाशीं राहते. बर्फांत कोंडलेली हवा ती ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. तरीही छपराला ते एक छिद्र ठेवीत. थोडी ऊब गमावून ते श्वास राखीत.

यवतमाळच्या घरांतही नियम तोच: शेगडीजवळ शेकतांना खिडकी उघडी असावी, आणि निजण्यापूर्वीं शेगडी अंगणांत न्यावी. पुढची थंडी घोंगडीनें भागते.