दोन पेग म्हणजे नक्की किती?

मंडळी, अंबरपेठच्या आठवणींत आतापर्यंत गणपती झाले, शाळा झाल्या, अली कॅफेच्या चौरस्त्यावरच्या गप्पा झाल्या. आजचा विषय जरा वेगळा आहे, सोवळ्यातल्यांनी पुढे सरकावं. दारू पिणाऱ्यांवर आजवर सगळ्यांनी लिहिलं. मला ओतणाऱ्यावर लिहायचंय. त्यातही सढळ हातानं ओतणाऱ्यावर.

आपल्याकडे ओतण्याची परंपरा काचेच्या ग्लासातून आलेली नाही, ती ताडाशिंदीच्या झाडावरून उतरली. तेलंगणात ताडी म्हणजे कल्लु. ती उतरवणारे गौड. जुने हैदराबादी शिंदीला सेंधी म्हणत आणि दुकानाला सेंधीखाना. निजामाच्या काळात आबकारी हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार होता, दुकानांचे मक्ते लिलावानं जायचे. आणि हे सगळं आपल्या घरापासून लांब होतं असं समजू नका. आषाढात अंबरपेठच्या महांकाळीला बोनालु निघतात तेव्हा देवीपुढे कल्लुची धार सोडतात, तिला ‘साक’ म्हणतात. आमचे धाकटे काका म्हणायचे, "बघ, उर्दूवाल्यांचा साकी आणि तेलुगूवाल्यांची साक, ओतण्याशिवाय दोघांचंही पान हलत नाही." शब्द दोन्ही वेगळे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण काकांना व्युत्पत्तीपेक्षा जुळणी प्रिय.

कल्लु ओतणारा हात आखडता घेत नसे, आणि त्याला कारण होतं. झाडावरून उतरल्यापासूनच ती आंबायला लागते. सकाळी गोड, संध्याकाळी चढलेली, दुसऱ्या दिवशी आंबट ढाण. उरली तर फुकटच जायची, मग गिऱ्हाइकाला चार घोट जास्त गेले तर काय बिघडलं? भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते, त्यातलाच प्रकार. तेलुगूत या वरच्या वाट्याला ‘कोसरु’ म्हणतात. आपल्या आया-आज्या मराठीतून घासाघीस करायच्या आणि शेवटी "कोसरु घाल गं" असं अस्सल तेलुगूत सांगायच्या. मराठीतही धान्याच्या मापावर शीग लावायची रीत होतीच, ‘शिगेला पोचणं’ तिथूनच आलं.

पण पातळ पदार्थाला शीग लागत नाही. आणि व्हिस्की नासत नाही.

काकांची गोष्ट इथे सुरू होते. काळ १९९१-९२ चा. काका सरकारी नोकरीत, शनिवारी संध्याकाळी चेतक काढून जवळच्याच एका बारमध्ये जायचे. बारचं नाव सांगत नाही. काकूंशी करार झालेला होता, फक्त दोन. परत आले की काकू दार उघडताना एवढंच विचारायच्या, "किती?" काका म्हणायचे, "दोन." आणि ते खरंच असायचं, माझे काका खोटं बोलणारे नव्हते. तरी काही शनिवारी ते दोन दोनासारखे दिसत आणि काही शनिवारी पायऱ्या चढताना कठड्याला धरत.

त्या बारमध्ये ओतायला एक पोरगा होता, देगलूरकडचा. काकांचं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, तुमी तर आपलेच की हो!" झालं. तेव्हापासून तो साठाचं माप भरून ग्लासात ओतायचा आणि माप बाजूला घेता घेता बाटली पुन्हा एकदा तिरपी करायचा. प्रेमाची धार. हळूहळू ती वाढत गेली. दोन्ही पेग नव्वदवर गेले तर १८० मिली होतात, म्हणजे अख्खी क्वार्टर. काका ‘दोन’ पिऊन क्वार्टर रिचवून घरी येत होते आणि वर छाती पुढे काढून खरं बोलत होते!

एका रात्री ते फाटकापाशी स्कूटरसकट कलंडले. कोपर फुटलं, बाकी काही नाही. काकूंनी हळद लावली आणि शांतपणे विचारलं, "दोन म्हणजे केवढे दोन?" काकांकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या शनिवारी पोरगा काउंटरला दिसला नाही, आत भांडी घासत होता. जुन्या वेटरनं काकांना हिशेब समजावला. ७५० मिलीच्या बाटलीतून साठाचे बारा पेग निघतात आणि वर एक छोटा. नव्वदनं ओतलं तर आठच निघतात. मालक महिन्याअखेर रिकाम्या बाटल्या आणि बिलं ताडून बघायचा. तूट निघाली ती पोराच्या पगारातून कापली. काही आमच्या काकांसाठी, काही आणखी चार ‘आपल्या’ माणसांसाठी. काका त्या रात्री न पिताच परतले.

माप कमी भरू नये म्हणून सरकारनं सोय केलेली आहे. पेगचं माप वजनमापे खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावं लागतं. जास्त ओतण्याबद्दल मात्र तक्रार करणार कोण? गिऱ्हाईक तर खूशच असतं. कौटिल्यानं यावर बराच विचार केलेला दिसतो. त्याच्या अर्थशास्त्रात दारूचा वेगळा अधिकारी आहे, सुराध्यक्ष. दारू थोडी आणि मोजून द्यावी, तीही ओळखीच्या, चांगल्या चालीच्या माणसालाच. आणि नशेत गिऱ्हाइकाची चीजवस्तू हरवली तर दुकानदारानं ती भरून द्यावी, वर तेवढाच दंड. म्हणजे पाजणाऱ्यावर जबाबदारी तेव्हाही होती. फक्त ती दुकानदारावर होती, नोकराच्या पगारावर नव्हे.

त्यानंतर काकांनी स्वतःपुरते नियम केले. ओतणाऱ्याची तारीफ मालकाच्या कानावर पडेल अशी करायची नाही. "हात सढळ आहे बुवा" म्हणणं म्हणजे त्याला गोत्यात आणणं. टीप द्यायची ती बडीशेपेच्या बशीत, उघड, सगळ्यांना दिसेल अशी. आणि माप ओतून झालं की ग्लासावर तळहात आडवा धरायचा. पंगतीत वाढप्याला थांबवायला आपण पानावर धरतो, तसाच. पोरगा महिन्याभरानं काउंटरला परत आला, तेव्हा पहिल्यांदा तो हात बघून त्याचं तोंड उतरलं होतं. आपलेपणा नाकारला असं वाटलं असणार त्याला. आग्रह मोडणं आपल्या लोकांना पंगतीतही जमत नाही, बारमध्ये कुठून जमणार?

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नेल्लूर जिल्ह्यात दुबगुंट्याच्या रोशम्मा आणि तिथल्या बायकांनी साऱ्याविरुद्ध आवाज उठवला, १९९३ च्या ऑक्टोबरात सारा बंद झाला, आणि १६ जानेवारी १९९५ पासून रामारावांनी संपूर्ण दारूबंदी आणली. बार बंद. आता सांगायला हरकत नाही, त्या दोन वर्षांत नांदेडकडच्या एका पाहुण्याच्या होल्डॉलमधून आमच्याकडे एक बाटली आली होती. ती काकूंच्या ताब्यात, धान्याच्या कोठीमागे. सणावाराला काकू खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेऊन बसायच्या आणि मोजायच्या, एक, दोन... सहा. सातव्या टोपणासाठी काकांनी कितीदा लाडीगोडी लावली, पण नाही. इतका कडक बारवाला उभ्या हैदराबादेत नसेल.

चंद्राबाबूंनी १९९७ च्या एप्रिलमध्ये बंदी उठवली. काका महिन्याभरानं त्या बारमध्ये गेले. टेबलं तीच होती. काउंटरला नवा माणूस होता आणि धार मापाबरोबर थांबत होती. काकांनी देगलूरच्या पोराची चौकशी केली. जुना वेटर म्हणाला, बार बंद झाला तेव्हा मालकानं सगळ्यांचा हिशेब चुकता केला, पोरगा गावी गेला तो परत आला नाही.

मग थोडं थांबून म्हणाला, जाताना त्याच्या हिशेबातून आणखी एका बाटलीचे पैसे कापले होते, साब.

ती कुणामुळे, हे काकांनी विचारलं नाही.