पदवी, पदविका व प्रमाणपत्र (महाराष्ट्र)

दहावी-बारावीनंतरच्या शिक्षणाची साक्ष देणारी अधिकृत कागदपत्रे. बोलण्यात तिन्हींना सरसकट ‘डिग्री’ म्हटले जाते. अभ्यासक्रम लांब असला की पदवी, आखूड असला की पदविका असा समज रूढ आहे. मुख्य भेद मात्र ती देणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा हक्क तिघांनाच आहे : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. आयोगाने राजपत्रात जाहीर केलेले नामाभिधानच पदवीला लावता येते. याचे उल्लंघन केल्यास कलम २४ खाली दंड होतो. त्याची मर्यादा एक हजार रुपये आहे. बोगस विद्यापीठांची यादी आयोगाला वारंवार प्रसिद्ध करावी लागते, त्याचे एक कारण या तुटपुंज्या दंडात दिसते. पदविका व प्रमाणपत्र यांना असे एकच कुंपण नाही. ती शासकीय मंडळे, खाती, व्यवसाय परिषदा आणि खाजगी वर्ग सारेच देतात. भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) विद्यापीठे नव्हती. त्यामुळे अहमदाबादची संस्था १९६१ पासून सुरू असूनही तिचे विद्यार्थी पदविकाधारक म्हणूनच बाहेर पडत. २०१७ चा स्वतंत्र कायदा झाल्यावर या संस्थांना पदवी देता येऊ लागली.

इतिहास : मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. त्यामागे १८५४ चा वुडचा खलिता होता आणि नमुना लंडन विद्यापीठाचा होता : कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. स्वतःचे अध्यापन विद्यापीठाने विसाव्या शतकात सुरू केले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे त्या तुकडीतील पदवीधर. रानडे यांनी पुढे एम.ए. व १८६६ मध्ये एलएल.बी. या पदव्या घेतल्या. मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री कॉर्नेलिया सोराबजी. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या.

आज विस्मरणात गेलेला एक वर्ग येथे नोंदवणे आवश्यक आहे. वैद्यक व स्थापत्य या विषयांत विद्यापीठ सुरुवातीला पदवीऐवजी परवानापत्र देई : वैद्यकाचे एल.एम., पुढे एल.एम. अँड एस., आणि स्थापत्याचे एल.सी.ई. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८३ मध्ये पुण्याहून एल.सी.ई. मिळवली. तिला आजच्या अर्थाने पदविका म्हणणे चूक ठरेल. त्या काळी अभियंत्याची ती सर्वमान्य पात्रता होती आणि तिच्यावर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नेमणूक होई. एम.बी.बी.एस. व बी.ई. रूढ झाल्यावर ही परवानापत्रे मागे पडली. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. मात्र विसाव्या शतकात बराच काळ टिकली. गावोगावच्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ती दिसे. या संस्थेच्या पदविकांच्या मान्यतेविषयी वेळोवेळी वेगवेगळे निर्णय झाले आहेत. गोव्यात पणजीच्या वैद्यकशाळेने १८४२ पासून पोर्तुगीज पद्धतीचे वैद्य तयार केले. मुक्तीनंतर तेथील कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आले.

सरकारी मान्यतेची वाट न पाहता पदव्या देण्याचे दोन प्रयोग पुण्यात झाले. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने (१९१६, पुढे एसएनडीटी) मातृभाषेतून शिकवून ‘गृहीतागमा’ (जी.ए.) व ‘प्रदेयागमा’ (पी.ए.) अशा पदव्या दिल्या. त्यांना वैधानिक मान्यता स्वातंत्र्यानंतर मिळाली. तोवर या पदवीधर स्त्रियांना सरकारी व्यवस्थेबाहेरच वाट काढावी लागली. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये उभ्या राहिलेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने विशारद, पारंगत अशी नावे वापरली. १९८७ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झाले. संगीतात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद व अलंकार या परीक्षा आजही चालू आहेत. विद्यापीठीय पदवीशी त्यांची समकक्षता कोठे, कशासाठी धरली जाते, हे प्रत्येक संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते.

पदविका : महाराष्ट्रात पदविका म्हटले की प्रथम तंत्रनिकेतन आठवते. दहावीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, आणि उत्तीर्ण झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट. या वाटेमुळे ग्रामीण भागातील अनेक कुटुंबे अकरावी-बारावी वगळून मुलाला ‘डिप्लोमा’ला घालणे पसंत करतात : दारात नोकरी आली तर घ्यावी, नाही तर पुढे शिकावे. प्राथमिक शिक्षकांची डी.एड. (आता डी.एल.एड.) बारावीनंतर दोन वर्षांची असते. चित्रकारांची जी.डी. आर्ट ही शासनाची पदविका असून सर ज. जी. कलाशाळेच्या कित्येक नामवंत विद्यार्थ्यांच्या नावापुढे तीच होती. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. या यादीत सहसा येत नाही; पण गृहनिर्माण संस्था, पतसंस्था व सोसायट्यांच्या लेखापरीक्षकांच्या नामिकेवर जाण्याचा मार्ग तिच्यातून जातो, आणि सहकाराने व्यापलेल्या या राज्यात तिचे वजन अनेक पदव्यांपेक्षा जास्त आहे.

प्रमाणपत्र : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर इत्यादी ट्रेडचे राष्ट्रीय प्रमाणपत्र हे यातील सर्वात भक्कम. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केल्यास वेगळे प्रमाणपत्र मिळते. खाजगी वर्गांची प्रमाणपत्रे असंख्य आहेत.

व्यवसायसंस्थांचे सदस्यत्व : सनदी लेखापाल (सी.ए.) ही पदवी नाही, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे ते सदस्यत्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सी.ए., कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. बॅरिस्टरी याच जातीची : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची एम.एस्‌सी. (१९२१) व डी.एस्‌सी. (१९२३) लंडन विद्यापीठाची, पण बार-ॲट-लॉ ‘ग्रेज इन’ या वकीलसंस्थेची.

नवी रचना : राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० नंतर प्रमाणपत्र, पदविका व पदवी हे एकाच अभ्यासक्रमाचे टप्पे झाले. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८० वर पदविका, तिसऱ्यानंतर १२० वर पदवी आणि चौथ्यानंतर १६० वर ऑनर्स पदवी, अशी आयोगाची किमान चौकट आहे. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडणाऱ्याला उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास करावा लागतो. संशोधनासह ऑनर्स हवे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ही पदविका आणि तंत्रनिकेतनाची पदविका यांचे नाव एकच असले, तरी दोन्हींची गल्लत करू नये. मध्येच शिक्षण सुटलेल्याच्या हातात निदान एक कागद राहावा, हा उद्देश समजण्यासारखा आहे. नोकरी देणारे त्या कागदाला किती किंमत देतील, याविषयी मतभेद आहेत. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाऊ देणारी ‘ए.टी.के.टी.’ची जुनी सोय नव्या श्रेयांक पद्धतीतही मुक्कामाला आहे.

पदव्युत्तर : एम.ए., एम.एस्‌सी. इ. एम.फिल. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बंद झाली. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे.

परदेशी पदव्या : नाव सारखे म्हणून पातळी सारखी, असे नसते. आनंदीबाई जोशी यांना १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने दिलेली एम.डी. ही अमेरिकी पद्धतीची पायाभूत वैद्यकीय पदवी होती, भारतातील एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची. ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीवरूनही असाच प्रश्न येथे वारंवार उभा राहिला आहे. समकक्षतेचे काम दीर्घकाळ भारतीय विद्यापीठ संघाकडे होते. आयोगाने २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केले.

मानद पदव्या : डी.लिट., डी.एस्‌सी., एलएल.डी.; नोकरीसाठी पात्रता म्हणून धरल्या जात नाहीत.